प्लेटमधलं डॅमेज नेमकं कुठंय ते मशीन लर्निंगने शोधायचंय? आधी रीडिंग नीट घ्या

बरेच जण मॉडेल कुठलं घ्यायचं इथूनच सुरुवात करतात, पण निकाल ठरतो तो रीडिंगवर. पद्धत अशी: प्लेटमध्ये एका जागेवरून कंपनाची लहर सोडायची, दुसऱ्या जागांवर ती पकडायची, वाटेत डॅमेज असेल तर ती बदललेली दिसते.

२ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट घ्या, त्यावर पीझेडटी चकत्या (वीज दिली की थरथरणाऱ्या आणि कंपन आलं की वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या) एपॉक्सीने चिकटवा. थर पातळ आणि सगळीकडे सारखा हवा, खाली हवा अडकली तर त्या चकतीचा सिग्नल कमजोरच येणार. ४ चकत्यांच्या ६ जोड्या होतात, ८ लावल्या तर २८. एकीतून ५ सायकलचा टोन बर्स्ट, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा छोटा झटका, हॅनिंग विंडो लावून (हळूहळू वाढून हळूहळू विरेल असा) सोडायचा, १०० ते ३०० किलोहर्ट्झमधला, बाकीच्यांवर रेकॉर्ड करायचं, मग पुढची चकती.

सॅम्पलिंग रेटमध्ये कंजुषी नको. अशा प्लेटमध्ये एस-झिरो लहर (या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात आधी पोचणारा लहरीचा प्रकार) सेकंदाला साधारण ५४०० मीटर जाते, म्हणजे १ मायक्रोसेकंदात साडेपाच मिमीच्या आसपास, त्यामुळे १ मेगाहर्ट्झने रेकॉर्ड केलं तर एक सॅम्पल इकडचं तिकडे झालं की तेवढा फरक. १० मेगाहर्ट्झ असेल तर निवांत.

डॅमेजसाठी लगेच ड्रिल मारू नका, खोटं डॅमेज म्हणून प्लेटच्या दोन्ही बाजूंनी मॅग्नेटची जोडी लावा आणि ग्रिडवर सरकवत प्रत्येक जागेचे एक्स-वाय लिहून ठेवा.

आता जिथे सगळे अडकतात ते, टेम्परेचर. प्लेट तापली की लहरींचा वेग कमी होतो, सिग्नल ताणल्यासारखा होतो, आणि चांगल्या प्लेटचं जुनं रीडिंग त्यातून वजा केलं तर काही बिघडलेलं नसतानाही मोठा फरक उरतो, मॉडेलला वाटतं डॅमेज आहे! म्हणून चांगल्या प्लेटची रीडिंग सकाळ-दुपार-रात्र घ्या, सोबत टेम्परेचर नोंदवा आणि वजा करताना सगळ्यात जवळच्या टेम्परेचरचं निवडा.

मग प्रत्येक जोडीसाठी उरलेल्या सिग्नलची एनर्जी, तो कधी पोचला ती वेळ आणि कोरिलेशन (नवं रीडिंग चांगल्या प्लेटच्या रीडिंगशी किती जुळतं) काढा, रँडम फॉरेस्टला, म्हणजे अनेक डिसिजन ट्री मिळून उत्तर देणाऱ्या मॉडेलला द्या, आउटपुट डॅमेजच्या जागेचे एक्स-वाय. सुरुवातीला एवढं पुरतं.

टेस्ट डेटा, म्हणजे मॉडेल तपासायला बाजूला ठेवलेली रीडिंग, रँडम वेगळा काढू नका हं. एकाच जागेची रीडिंग ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे गेली की मॉडेल जागा पाठ करतं, मीही आधी हेच केलं होतं आणि आकडे बघून खूश झालो होतो. काही जागा आणि काही दिवस अख्खेच्या अख्खे बाजूला ठेवा, चूक मिमीमध्ये मोजा, कडेजवळच्या जागांची वेगळी बघा कारण तिथे रिफ्लेक्शन एकमेकांत मिसळतात.

आणि मॅग्नेट म्हणजे क्रॅक नव्हे, लहर दोन्हींवरून वेगळी विखुरते, तेव्हा शेवटी एका टाकाऊ प्लेटवर करवतीने खाच पाडून तपासाच.