वाफ्यातलं अनोळखी रोप: ठेवायचं की उपटायचं?

मृगाचा पाऊस झाला की नाशिकच्या बंगल्यांच्या आवारात आणि गच्चीवरच्या वाफ्यांत आपण न पेरलेलं बरंच काही उगवतं. त्यातलं तण कोणतं, असं विचारलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मोबाइलने फोटो काढून बघा. दुसरा, फूल येऊ द्या, आपोआप कळेल. दोन पानांच्या रोपाचा फोटो दिला तर मोबाइल काहीही नाव सांगतो. दुसरा सल्ला त्याहून वाईट. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलू शकतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. फूल बघून ओळखायचं ठरवलंत तर पुढच्या कित्येक पावसाळ्यांचं काम आजच ओढवून घेतलंत.

माती कुठून आली ते आठवा

रोपाकडे बघण्याआधी मातीकडे बघा. मखमलाबाद, म्हसरूळकडच्या, काल-परवापर्यंत शेत असलेल्या प्लॉटची काळी माती असेल तर त्यात लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं आहेत असं धरूनच चाला. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं असेल तर माठ, काटेमाठ, कुर्डू उगवणार. रोपवाटिकेतल्या पिशवीबरोबर आंबुशी आणि भुईआवळी येतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत असेल तर मात्र हात आवरा. तिथे टोमॅटो, पपई, भोपळा उगवतात आणि लोक ते तण म्हणून उपटून टाकतात.

साक्षीदार कुंडी

वाफ्यात बी टाकाल त्याच दिवशी त्याच पाकिटातलं चिमूटभर बी वेगळ्या कुंडीत, नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, टाका. त्या कुंडीत जे उगवेल ते तुमचं. वाफ्यातलं रोप त्याच्याशी ताडून बघायचं. एवढं केलंत तर निम्मा लेख वाचायची गरज नाही.

दोन पानांवरचं रोप

खरी अडचण इथे आहे. मलाही हा टप्पा बरीच वर्षं अवघड गेला, कारण मी सगळ्यांसारखीच रोपाच्या वरच्या, नक्षीदार पानांकडे बघत असे. ती पानं फसवतात. बघायची ती अगदी खालची जोडी, म्हणजे बीजपत्रं. बी फुटताना निघालेली ही दोन पानं साधी असतात आणि पुढे गळून जातात, म्हणून वेळेत बघायला हवीत. उगवल्यापासून आठ-दहा दिवसांत, सकाळच्या उजेडात, वाफ्याशेजारी बसून बघा. उभ्याने दिसत नाहीत.

झेंडू आणि गाजरगवत यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. दसऱ्यासाठी झेंडू पेरणारे दरवर्षी यात अडकतात. झेंडूची बीजपत्रं लांबट आणि अरुंद असतात, गाजरगवताची छोटी आणि गोलसर. पुढे झेंडूचं रोप सरळ वर जातं, खालची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि पान चोळलं की झेंडूचाच वास येतो. गाजरगवत आधी जमिनीला चिकटून पसरतं, चहूबाजूंनी चिरलेली पानं टाकतं, त्यांवर बारीक लव असते, आणि खोड नंतर वर काढतं. ते चोळून बघायच्या भानगडीत पडू नका. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा पाठ सोडत नाही. आधी बीजपत्रं बघा, शंका राहिली तर हातमोजे घाला.

शेवंतीच्या वाफ्यात तर प्रश्न अजून सोपा आहे, फक्त कोणी तसा विचार करत नाही. घरी शेवंती आपण बी टाकून लावत नाही. ती काश्यांपासून, म्हणजे मुळाशी फुटलेल्या धुमाऱ्यांपासून, नाहीतर छाटापासून लावतो. त्यामुळे नवीन कोंबाभोवतीची माती बोटाने सारा. तो जमिनीखालून जुन्या झाडाला जोडलेला असेल तर शेवंती. स्वतःच्या मुळावर स्वतंत्र उभा असेल आणि खाली दोन गोल बीजपत्रं असतील, तर पान कितीही शेवंतीसारखं दिसो, ते ठेवायचं नाही. पानावरून वाद घालणाऱ्यांना मी एवढंच सांगते: माती सारून बघा, मग बोला.

मिरचीच्या वाफ्यातलं कामोणी हे तण मात्र चिवट प्रकरण आहे. दोन्ही एकाच कुळातल्या, बीजपत्रं दोघींचीही टोकदार, त्यामुळे वर सांगितलेली खूण इथे चालत नाही. चार-सहा पानं येईपर्यंत थांबा. मिरचीचं पान गुळगुळीत आणि कडेने सरळ असतं, कामोणीचं बहुधा नागमोडी कडेचं आणि जरा लवदार. वाफ्यात थांबायला मी परवानगी देते ती फक्त इथे, कारण कामोणीची फळं धरायला वेळ लागतो. याच वाफ्यात धोत्राही उगवू शकतो. म्हणून एक नियम पक्का: ओळखण्यासाठी कुठलंही पान चाखायचं नाही. 'जिभेला लावून बघ' म्हणणाऱ्याला धोत्रा म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याचं पान, फूल, बी, सगळं विषारी आहे.

मेथी आणि आंबुशी: दोन्ही तीन-तीन पानांच्या. आंबुशीचं प्रत्येक दल बदामाच्या आकाराचं, मधे खाच असलेलं. मेथीचं पहिलं पान एकटंच येतं, मग तिनांची जुळणी सुरू होते. संपलं.

गवतासारखं दिसलं तर खोड फिरवा

बुंध्याशी धरून दोन बोटांत फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गवताचं खोड गोल किंवा चपटं असतं आणि त्यावर पेरं असतात. कांद्याचं रोप नाशिककराला ओळखायला शिकवायचं म्हणजे अतीच झालं, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते: ते उगवताना गुडघ्यात दुमडलेलं असतं, पात पोकळ असते आणि वास लपत नाही.

मांसल पानांचं रोप मोडून बघा

देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर दुधी नावाचं तण (भाजीचा दुधी नव्हे). चीक डोळ्याला लागू देऊ नका. नुसतं पाणी आलं तर बहुधा घोळ. मात्र ऑफिस टाइमच्या रुंद पानांच्या जाती घोळीच्याच गोतावळ्यातल्या आहेत आणि फुलं नसताना जवळपास तशाच दिसतात. शेजारी तुम्हीच ऑफिस टाइम लावली असेल तर एक फांदी कुंडीत खोचा आणि फूल बघा. घोळीचं फूल बारीक आणि पिवळं.

मग काढायचं

गाजरगवत फुलण्याआधी, ओल्या मातीतून, मुळासकट. लव्हाळा ओढून काढू नका, पात हातात येते आणि गाठ खाली राहून पुन्हा फुटते. खुरप्याने खोल खणा. केना उपटून वाफ्याच्या कडेला टाकणं म्हणजे नव्याने लावणं. त्याचे तुकडे पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतात, शिवाय तो जमिनीखालीही फुलतो आणि बी धरतो. केना बादलीत भरून बाहेर न्या.

सगळंच उपटायला हवं असंही नाही. घोळ आणि केना दोन्हींची भाजी होते, फक्त ओळख पक्की हवी आणि वाफ्यात फवारणी झालेली नको. आघाड्याची एक-दोन झाडं मी कुंपणापाशी मुद्दाम ठेवते; मंगळागौरीला आणि गणपतीच्या पत्रीला ती लागतातच, आणि त्या दिवसांत बाजारात एका जुडीला काय भाव असतो ते तुम्हाला माहीतच आहे. फक्त तुरे वाळण्याआधी छाटायचे, नाहीतर त्याची काटेरी फळं प्रत्येकाच्या कपड्यांना चिकटून घरभर होतात.

एवढं करूनही रोप ओळखू आलं नाही, तर मुळासकट काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नुसतं पान तोडून नेऊ नका. मूळ, खोड आणि खालची पानं बघितल्याशिवाय तिथलेही ठामपणे काही सांगणार नाहीत.