आधी लोडची वही, मग पॅनेल

बडोद्यात इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅनिकल शिकलेली मराठी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. सौरऊर्जेत काम करायचंय, पण शहरातल्या छपरांपुरतं नाही. आफ्रिकेतल्या, नेपाळमधल्या, जिथे अजून तार पोचलेली नाही अशा गावांच्या प्रकल्पांवर जायचंय. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू? परदेशी मास्टर्स करू का? दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही नंतर. त्याआधी लोड, म्हणजे कुठलं उपकरण किती वीज खातं, ते मोजायची सवय हवी आणि क्रिम्पिंगचं, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवायचं, हत्यार हाताला बसलेलं हवं. बंद पडलेल्या प्रकल्पांत पॅनेल बहुधा शाबूत असतात. चुकलेला असतो तो हिशोब, नाहीतर जोड.

या क्षेत्रात 'गावात वीज आहे का' असं कोणी विचारत नाही, 'किती आहे' असं विचारतात. जागतिक बँकेच्या २०१५च्या चौकटीत शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. रोज निदान १२ वॅट-अवर मिळाले तर पहिली पायरी, म्हणजे दोन दिवे आणि एक मोबाईल. दुसरीला २०० वॅट-अवर, तिसरीला १ युनिट, चौथीला ३.४ आणि पाचवीला ८.२ युनिट. ती वीज रोज किती तास येते, रात्री येते का, परवडते का, हेही त्यात मोजतात. स्वतःच्या घरचं बिल घेऊन महिन्याच्या युनिटांना ३० ने भागा आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत ते पाहा. आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांना वीजच नाही, आणि त्यांतल्या ३० कोटींपर्यंत २०३० पर्यंत ती पोचवायची असं जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी २०२४ मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे काम भरपूर आहे. नीट हिशोब करणारी माणसं मात्र कमी आहेत.

आता वही उघडा. समजा एका छोट्या आरोग्य केंद्राला वीज द्यायची आहे. ७ वॅटचे ६ एलईडी रोज ५ तास म्हणजे २१० वॅट-अवर. ३० वॅटचे २ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ८ तास म्हणजे ४८०. तपासणीचा २० वॅटचा दिवा ३ तास, ६०. ५० वॅटचा लॅपटॉप ४ तास, २००. ९० वॅटचं सक्शन मशीन तासभर, ९०. पाच मोबाईल, प्रत्येकी १२ प्रमाणे ६०. बेरीज ११०० वॅट-अवर. नवखा माणूस इथेच दिवसभराचं ऊन पूर्ण तीव्रतेच्या ५ तासांइतकं धरून ११०० ला ५ ने भागतो आणि २२० वॅटचं पॅनेल लिहून मोकळा होतो. त्यात तीन गोष्टी राहून जातात. बॅटरी, तार आणि इन्व्हर्टर मिळून जवळजवळ ३० टक्के खातात, म्हणून ११०० भागिले ०.७, म्हणजे १५७०. ऊन वर्षाच्या सरासरीचं धरायचं नसतं, सर्वांत वाईट महिन्याचं धरायचं. ते ४ तास असेल तर ३९३ वॅट. शिवाय वीज आली की वापर वाढतोच, त्यासाठी ३० टक्के जादा, म्हणजे सुमारे ५१० वॅट. पहिल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त!

बॅटरीचंही तसंच. दोन दिवस ढगाळ गेले तरी दिवे चालावेत असं ठरवलं तर २२०० वॅट-अवर हवेत, इन्व्हर्टरची १० टक्के तूट धरून २४४४. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ४८८९, आणि २४ व्होल्टला २०४ एएच (अँपिअर-अवर). म्हणजे १२ व्होल्ट, २२० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत उतरवता येते, तिथे २५.६ व्होल्टची १२० एएच पुरते. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते आणि जवळपास कुठेही मिळते, पण तिला डिस्टिल्ड पाणी लागतं, आणि ते संपलं की कोणीतरी नळाचं ओततंच. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहून पाहिलं की हे वाक्य परत वाचावं लागत नाही.

लशींचा फ्रिज या सिस्टिमवर कधीही टाकू नका. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, आणि संध्याकाळी कोणी टीव्ही लावला म्हणून ती वाया जाता कामा नये. त्यासाठी स्वतंत्र पॅनेलवर थेट चालणारे, बॅटरीविना बर्फात थंडावा साठवणारे फ्रिज मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने पात्र ठरवलेल्यांची यादी आहे, तिच्यातूनच निवडायचं.

तारेकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. २४ व्होल्टवर १० अँपिअर, अंतर १५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.०१७५ गुणिले ३० भागिले २.५, असा ०.२१ ओहम रोध येतो. २.१ व्होल्ट वाटेतच गेले, जवळजवळ ९ टक्के. तीच तार ६ ची घेतली तर ३.६ टक्के, १० ची घेतली तर २.२. दुकानदार २.५ ची देतो कारण घरच्या वायरिंगला ती चालते. घरी २३० व्होल्ट असतात, इथे २४. फरक एवढाच, पण पंखा मंद फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

मग एमसीफोर, म्हणजे पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणारा कनेक्टर. तारेचं आवरण ६-७ मिलिमीटर सोलायचं, एकही तंतू तुटू द्यायचा नाही, पिन योग्य डायमध्ये दाबायची, आणि आत सरकवण्याआधी हाताने जोरात ओढून पाहायची. पक्कडने दाबलेली पिन दिसते ठीक, पण रोध राहतो, रोधाने उष्णता होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक वितळतं. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी 'टक्' आवाज करून बसतात, म्हणून जोड बरोबर झाला असं नाही. आगीचं हे ओळखीचं कारण आहे. चालू लोडवर कनेक्टर कधी ओढू नका. घरात येणाऱ्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, पॅनेल-बॅटरीच्या डीसीचा येत नाही, म्हणून त्याची ठिणगी विझत नाही. त्याच कारणाने डीसीच्या बाजूला एसीचा एमसीबी चालत नाही. डीसी एमसीबीवर अधिक-उणे लिहिलेलं असेल तर ते उलटं लावणंही तितकंच घातक.

इथे शिकून दक्षिण गोलार्धात जाणाऱ्यांची एक चूक ठरलेली. बडोदं २२.३ अंश उत्तरेला, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून साधारण २० अंश कलतं, आणि हात त्याच सवयीने चालतो. मलावी, झांबिया, मोझांबिकमध्ये वर्षातला बराच काळ सूर्य दुपारी उत्तरेला असतो, तिथे तोंड उत्तरेला हवं. युगांडासारख्या विषुववृत्तावरच्या देशात गणित सांगेल आडवं ठेवा, तरी १० अंश कल द्याच. नाहीतर पावसाने धूळ वाहून जात नाही आणि खालच्या कडेला चिखलाची पट्टी बसते.

हे सगळं शिकायला बडोद्याबाहेर फार जावं लागत नाही. पहिले सहा महिने छपरावर काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या इन्स्टॉलरकडे काढा, पगार कमी मिळाला तरी. पीएम सूर्य घर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे कामाचा तुटवडा नाही. अर्जापासून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागेपर्यंतचा प्रत्येक कागद स्वतः हाताळा. ५४० वॅटची ६ पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि वर्षाच्या सरासरीने रोज १२-१३ युनिट मिळायला हवेत. मिळत नसतील तर सावली शोधा. २१ डिसेंबरला बडोद्यात मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४४ अंशांवर असतो, म्हणजे १ मीटर कठड्याची सावली साडेबाराला १ मीटर आणि साडेतीनला २ मीटर. मे महिन्यात गच्ची मोजणाऱ्याला ही सावली दिसतच नाही. उन्हाळ्यात हवा ४२ अंश असली की पॅनेल ६५-७० वर जातं आणि ५४० वॅटचं पॅनेल कडक उन्हातही ४६० च्या आसपास देतं. ग्राहकाला हे आधी सांगून ठेवलं की पुढचे वाद टळतात. उत्तरायणानंतर गच्च्यांवर एक फेरी मारायचीच. मांजा तारांत अडकलेला असतो, आणि पतंगासाठी कोणी पॅनेलवर पाय दिला असेल तर वरून काच धड दिसली तरी आतले सेल तडकलेले असू शकतात.

छपरानंतर मोठं चित्र. वितरण आणि पारेषण कंपन्यांची मुख्यालयं आपल्याच गावात आहेत, आणि मकरपुऱ्यात 'एर्डा'ची विद्युत चाचणी प्रयोगशाळा आहे. टेस्ट रिपोर्ट कसा वाचायचा हे शिकून घ्या. आयईसी ६१२१५ आणि ६१७३० हे पॅनेलचे दोन क्रमांक निविदांत सतत येतात. पहिला टिकाऊपणाचा, दुसरा सुरक्षिततेचा. शहराबाहेर नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. वल्लभ विद्यानगरला १९७९ पासून सरदार पटेल अक्षय ऊर्जा संशोधन संस्था आहे. चूल, बायोगॅस, बायोमास यांत रस असणाऱ्यांनी तिथे जावंच. विकासाच्या कामात वीज हा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा स्वयंपाकघरात असतो, आणि त्याकडे इंजिनिअर मंडळी फारच कमी पाहतात.

मात्र एकच ठिकाण पाहायचं झालं तर खेडा जिल्ह्यातलं ढुंडी. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज वितरण कंपनीला युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी विकायला सुरुवात केली. करार २५ वर्षांचा. यामागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचं डोकं होतं. सौर पंपाला इंधन लागत नाही, म्हणून शेतकरी दिवसभर पाणी उपसत राहील आणि विहिरी आटतील ही भीती खरी आहे. वीज विकता आली की जादा उपशाची किंमत त्यालाच दिसते. पंप बंद ठेवला तर पैसे मिळतात. परदेशातल्या कुठल्याही सौर पंप प्रकल्पाच्या मुलाखतीत भूजलाचा प्रश्न येतोच, आणि त्याला ढुंडीइतकं नेमकं उत्तर क्वचितच सापडेल.

गावच्या मिनी-ग्रिडचं, म्हणजे गावापुरत्या स्वतंत्र वीजजाळ्याचं, दुखणं वेगळं. नुसत्या दिव्यांवर ती तगत नाही, दिवसा चालणारी गिरणी किंवा पंप हवा. पण ५ एचपीची मोटर थेट सुरू केली तर क्षणभर सहापट करंट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि सगळं गाव अंधारात. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. नंतर त्याला पैसे कोणी देत नाही. वसुलीचा हिशोबही तेव्हाच. बॅटरी ४८,००० ची आणि आयुष्य चार वर्षांचं असेल तर दरमहा १,००० बाजूला पडलेच पाहिजेत, आणि ते खातं कोणाच्या सहीने उघडतं हे बायकांसकट गावाने बसून ठरवलेलं हवं. देणगीदार पॅनेलचे पैसे आनंदाने देतात. चौथ्या वर्षीच्या बॅटरीचे पैसे कोणी देत नाही, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण तिथेच चांगलं उभं राहिलेलं काम मरतं.

मास्टर्सचा विचार दोन वर्षं काम झाल्यावर करा. जर्मनीत ओल्डेनबुर्गचा अक्षय ऊर्जेचा अभ्यासक्रम १९८७ पासून विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना घेतो आहे, आणि 'डाड' या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्तीला निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीला साधारण सहा वर्षांहून जास्त झालेली चालत नाहीत, म्हणून फार थांबूही नका. होमर आणि पीव्हीसिस्ट ही सौर आराखड्याची सॉफ्टवेअरं त्याआधी शिकून घ्या, पण वहीतला आकडा आणि सॉफ्टवेअरचा आकडा जुळत नसेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये काय भरलंय ते तपासा. भाषेचं म्हणाल तर घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, साइटवर हिंदी ही बडोदेकराची कमाई आहे. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामच्या हार्डवेअर बाजारात गुजराती उपयोगी पडते. तिच्या जोडीला फ्रेंच शिकलात तर पश्चिम आफ्रिकेची दारं उघडतात.

बरीचशी कामं तीन ते सहा महिन्यांच्या करारावर असतात. निघण्याच्या निदान १० दिवस आधी यलो फीव्हरची लस घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशातून परतताना इथल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. हत्यारांत स्वतःचं क्रिम्पिंग टूल हवं, कारण साइटवरच्याचा डाय झिजलेला असू शकतो. आणि क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची दुकानातच खात्री करा. साधा क्लॅम्प मीटर पॅनेलच्या तारेवर शून्य दाखवतो, आणि तारेत प्रवाह नाही असं समजून माणूस कनेक्टर ओढतो.