मार्कर लावून कापूस निवडताय? मग या चुका टाळा

मार्कर म्हणजे धाग्याच्या ताकदीसारख्या गुणाच्या जनुकाजवळची डीएनएमधली खूण; पानातल्या डीएनएत ती तपासून झाडं निवडतात. जळगावच्या चोपडा-यावल पट्ट्यात ठिबकवर क्रॉसच्या (संकराच्या) ओळी जोमात येतात, आणि पानं तोडायची आठवण होते ती बोंडं धरल्यावर. घोळ इथूनच सुरू होतो. कापसाच्या जून पानात पॉलिफेनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड ठासून भरलेले असतात. तशात नमुने पिशवीत कोंबून भर उन्हात मोटरसायकलवर प्रयोगशाळेत येतात. ट्यूबच्या तळाशी पांढऱ्या डीएनएऐवजी चहाच्या रंगाचा गोळा बसतो आणि पीसीआर (डीएनएच्या खुणेच्या प्रती काढणं) काही होत नाही. मग प्रायमर (ती खूण शोधून चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) बदला, एन्झाइम बदला, मशीनला शिव्या घाला. तोवर कळ्या बांधून सेल्फिंग (स्वपरागण) करायचे दिवस निघून जातात, आणि बियाण्यात मधमाश्यांनी आणलेला परका पराग शिरतो.

शेंड्याचं अर्धवट उघडलेलं पान घ्या. 100 मिलिग्रॅम पुरे. सकाळी तोडा, थेट बर्फात टाका. सीटॅब बफरमध्ये, म्हणजे डीएनए काढायच्या द्रावणात, पॉलिफेनॉल धरून ठेवणारं 2 टक्के पीव्हीपी हवंच, तपकिरीपणा रोखणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऐन वेळी घाला, आणि 65 अंशांवर पाऊण तास ठेवताना मधूनमधून ट्यूब हलक्या हाताने उलटी करा. प्रकाशशोषणाचं 260/280 चं प्रमाण (प्रथिनांची भेसळ दाखवणारं) 1.8 आलं की लोक हुरळतात. पॉलिसॅकराइड-फेनॉलची घाण दाखवणारं 260/230 कुणी बघत नाही. ते 1 च्या आसपास असेल तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. अडथळा आणणारी घाणही पातळ होते, जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) बऱ्याचदा दिसतो.

दुसरा हट्ट एकाच मार्करचा. मार्कर जनुकापासून 10 सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) दूर असेल तर दर पिढीला साधारण 10 टक्के झाडांत दोघांची फारकत होते. चार बॅकक्रॉसनंतर (एकाच पालकाशी पुन्हा पुन्हा संकर) जोडी टिकण्याची शक्यता 0.9 चा चौथा घात, म्हणजे जेमतेम 66 टक्के. जेलवर बँड झकास, धाग्याची ताकद मात्र गायब! जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर धरा. तेवढ्याच अंतरावर चूक पिढीला टक्क्याभरावर येते.

बीटीची पट्टी चाचणी (बीटी प्रथिन आहे का ते दाखवणारी) म्हणजे धाग्याची मार्कर निवड नव्हे. हेही सांगावं लागतं.

अमेरिकन कापसात 52 गुणसूत्रं, ए आणि डी असे दोन संच. एकच प्रायमर दोन्हीकडे चिकटू शकतो, म्हणून दोन बँड दिसताच 'हेटेरोझायगस' (जनुकाची दोन वेगळी रूपं असलेलं) लिहू नका. प्रत्येक जेलवर दोन्ही पालक, एफ1 (त्यांच्या संकराची पहिली पिढी) आणि नुसत्या पाण्याची ट्यूब हवीच.

बॅकक्रॉसमध्ये वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची तीन ठिकाणं एकत्र हवी असतील, तर आठात एकच झाड कामाचं. 99 टक्के खात्रीसाठी 35 झाडं तपासा. दहा-बारा तपासून नशिबाला बोल लावणारे भरपूर भेटतात.

धाग्याचा नमुना फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) नको, बोंडअळीने किडलेल्या बोंडांचाही नको. मायक्रोनेअरमध्ये (रुईतून हवा सोडून काढलेला आकडा) बारीकपणा आणि पक्वता दोन्ही मिसळलेले असतात; कच्ची रुई बारीक धाग्याचं सोंग घेते. पहिल्या दोन वेचण्यांतली, मधल्या फांद्यांची, पूर्ण फुटलेली बोंडं झाडवार वेगळी ठेवा. ताकदीचे आकडे जुळवताना अहवाल आयसीसी मोडचा की एचव्हीआय मोडचा (धागा तपासणाऱ्या यंत्राच्या दोन मोजणी पद्धती) ते आधी बघा. एचव्हीआयचा आकडा मोठाच येतो, आणि त्यावर भलतंच झाड निवडलं जातं.