भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग : या चुका टाळा

ड्रेसिंग रूममध्ये मी बरीच वर्षं काढली. तिथे सर्वांत जास्त वेळ कशात जातो म्हणाल, तर आधी लावलेलं काढण्यात.

एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. आंघोळीचं कढत पाणी हातावर सांडलेलं, आणि कोपरापासून मनगटापर्यंत कच्च्या बटाट्याचा कीस थापलेला. तो वाळून, काळा पडून फोडांच्या सालीला घट्ट बसला होता. "सिस्टर, भाजल्यावर बटाटा लावतात असं ऐकलं होतं हो," आजी रडवेल्या होऊन म्हणाल्या. सलाईन ओतत, कडेकडेने सोडवत अर्धा तास गेला. पोरगं रडून रडून शेवटी झोपलं.

आजींनी ऐकलं ते खोटं नव्हतं. मुंबईच्या डॉ. एम. एच. केसवानी यांनी 1985 साली बटाट्याच्या सालीच्या पट्टीवर लिहिलं. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून तिची बटाट्याच्या सालीशी तुलना केली. गुण सारखाच आला, पान मात्र कितीतरी स्वस्त पडलं. सोलापुरात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर दवाखान्यात सर्रास लावतात ते पांढरं मलम, 104 रुग्णांवर ताडून पाहिलं, त्यात मध सरस ठरला. भाजलेल्या जखमेवर काय झाकावं, याचा इतका कसून विचार आपल्याच रुग्णालयांतून झाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण केसवानींचा बटाटा कच्चा नव्हता, किसलेलाही नव्हता. उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर एकीला एक लागून बसवायच्या, ती पट्टी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढायची आणि सालीची आतली ओलसर बाजू धुतलेल्या जखमेवर ठेवायची, अशी ती रीत. केळीचं पानही निर्जंतुक केलेलं. घरातल्या बरणीतला मध निर्जंतुक नसतो, तो जखमेवर ओतू नये. जखमेसाठी निर्जंतुक केलेला मध वेगळा मिळतो. साल असो की पान, काम एकच: जखम ओलसर ठेवायची, तिला चिकटायचं नाही, बाहेरचे जंतू आत येऊ द्यायचे नाहीत. दुकानातली महागडी पट्टीसुद्धा मी याच मापाने मोजते.

पांढरं मलम, तेही रोज

ही चूक आमच्याकडून, म्हणजे दवाखान्यांकडून, जास्त होते. भाजलं की सिल्व्हर सल्फाडायझिनचा जाड थर द्यायचा, गॉझ ठेवायचा, उद्या परत बोलवायचं. ते मलम जुनं आहे, जंतूंवर चालतं, खोल आणि मोठ्या जखमांत अजून कामाचं आहे. पण फोड आलेल्या वरवरच्या जखमेत ते भरून येणं लांबवतं. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. 2013 साली तिच्या समीक्षेत 30 चाचण्या तपासल्या गेल्या. बऱ्याचशा लहान आणि कच्च्या होत्या, तरी सिलिकॉनच्या, चांदीच्या आणि जैव-कृत्रिम पट्ट्यांपुढे हे मलम मागे पडताना दिसलं.

शिवाय मलमाचा पिवळट पांढरा साका जखमेवर बसतो. खालची जखम गुलाबी आहे की पांढरी, हे मग डॉक्टरांना कळत नाही. म्हणून रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवायचा असेल तर आधी मलम फासू नये. सल्फाची ॲलर्जी, दोन महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस भरत आलेली गरोदर बाई, यांना ते लावतच नाहीत.

रोज गॉझ ओढला की नुकती धरलेली कोवळी कातडी त्याच्याबरोबर निघते. गॉझच्या जाळीवर ठिपक्याठिपक्यांनी ताजं रक्त दिसलं, तर आपण कालची भरलेली जखम आज उकरली असं समजावं. सलाईनने पूर्ण भिजवून, पट्टी जखमेशी जवळजवळ आडवी धरून हळू सोडवावी.

खोली न पाहता पट्टी निवडणं

गुलाबी, ओली, हात लावू देत नाही इतकी दुखणारी, दाबलं की पांढरी होऊन लगेच लाल होणारी जखम वरवरची. ती साधारण दोन आठवड्यांत भरते. तिच्यावर कोलाजेनची (कातडीतल्या प्रथिनाची) शीट छान बसते, भरलं की आपोआप सुटून येते. पांढुरकी किंवा गडद लाल डागांची, दाबून रंग न बदलणारी, कमी दुखणारी जखम खोल. कमी दुखतं म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमकं तिथेच सर्जनला दाखवायला उशीर होतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खोली बदलूही शकते, म्हणून 48 ते 72 तासांनी जखम पुन्हा बघावीच. याच दिवसांत पाणीही फार सुटतं. तेव्हा न चिकटणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ जाळीवर जाड शोषणारा थर हवा. वरचा थर भिजला तर तेवढाच बदलावा. आतली सिलिकॉनची जाळी जागेवर राहू द्यावी.

कोलाजेनखाली पाण्याचा फुगा दिसला तर तो रोज नुसता बघत बसू नका, दाखवा. पाणी साचलेली शीट चिकटत नाही आणि खाली जंतू वाढतात. नॅनोक्रिस्टल, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, चांदीच्या काही पट्ट्या निर्जंतुक पाण्याने ओल्या करायच्या असतात. सलाईन वापरलं तर त्यातलं क्लोराइड चांदीला बांधून टाकतं. पाकिटावरची ती बारीक ओळ आमच्यातलेही किती जण वाचतात! बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, एकत्र बांधलं तर कातडी एकमेकांना जुळते.

एका पट्टीची किंमत बघणं

साधा गॉझ स्वस्त दिसतो. पण रोजची एसटी, बुडालेली मजुरी, दर वेळची वेदनाशामक गोळी धरा. पाच-सात दिवस न काढता राहणारी पट्टी अनेकदा त्याच भावात पडते, आणि लेकराचं रडणं वाचतं. परवडत नसेल तर पॅराफिन गॉझ (मऊ पॅराफिन लावलेली जाळी) दोन पदरी घालून वर भरपूर शोषणारा गॉझ, हेही चांगलं ड्रेसिंग आहे. त्यात कमीपणा नाही.

पट्टीच्या आधीची वीस मिनिटं

भाजल्याबरोबर नळाखाली 20 मिनिटं, तीन तासांच्या आत केव्हाही. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. लहान मुलाचं भाजलेलं सोडून बाकीचं अंग मात्र गुंडाळून उबदार ठेवा. चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं, विजेचा किंवा ॲसिडचा चटका, यात घरी पट्टीचा प्रयोग करायचाच नाही.

ड्रेसिंग झाल्यावर वास येऊ लागला, हिरवट पाणी आलं, कडेची लाली पसरली, कमी झालेलं दुखणं परत वाढलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. लहान मुलाचा चटका तळहाताएवढाच असला, तरी ताप, अंगावर पुरळ, जुलाब किंवा गळून जाणं दिसलं तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. तीन आठवडे होऊनही जखम उघडी असेल, तर पट्टी बदलून बदलून वेळ घालवू नका, त्वचारोपणाबद्दल प्लास्टिक सर्जनला विचारा.