जिंजाचा फॉर लूप: दिसतो पायथनसारखा, पण या चुका टाळा

जिंजात (पायथनबरोबर वेब पानं बनवायला वापरतात ती टेम्प्लेटची भाषा) लूप लिहिताना माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टोटलने. लूपच्या आधी टोटल शून्य सेट केली, आत प्रत्येक आयटमची किंमत त्यात मिळवत गेलो आणि लूप संपल्यावर छापली तर शून्यच! एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही, अर्धा दिवस मी डेटाबेस तपासत बसलो आणि डेटा बिचारा बरोबरच होता. भानगड अशी की जिंजात लूपच्या आत सेट केलेलं व्हेरिएबल त्या फेरीपुरतंच जगतं, बाहेरचं जुनं आहे तसंच राहतं. उपाय म्हणजे नेमस्पेस, म्हणजे लूपमधून बदलता येणारी व्हेरिएबलं ठेवायचा डबा (2.10 व्हर्जनपासून आहे): लूपच्या आधी नेमस्पेस बनवा, टोटल त्याच्यात ठेवा, आत तीच बदला. नुसती बेरीजच हवी असेल तर सम फिल्टर आहे की, आणि त्याहून बरं म्हणजे बेरीज पायथनमध्येच करून टेम्प्लेटला आयती द्या.

दुसरं, लूप चालतच नाही, पान कोरं. आधी नावाचं स्पेलिंग बघा. जे व्हेरिएबल पाठवलंच नाही त्याला जिंजा रिकामी लिस्ट समजून गुपचूप पुढे जातो, म्हणून डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्टअनडिफाइन्ड ही सेटिंग लावूनच ठेवा, असं व्हेरिएबल दिसलं की लगेच एरर देऊन बोंब मारतो. स्पेलिंग बरोबर असेल तर लिस्टऐवजी जनरेटर (मागेल तसा एकेक आयटम देणारा पायथनचा प्रकार) पाठवलाय का बघा, तो एकदाच फिरतो, दुसऱ्या लूपला हाती काही लागत नाही.

एल्स पण दिसतो पायथनसारखा, वागतो वेगळा. पायथनमध्ये लूपचा एल्स ब्रेक झाला नाही तर चालतो, इथे लिस्ट रिकामी असेल तर. जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क, त्याची स्वतःची टेम्प्लेट भाषा आहे) याच कामाला एम्प्टी आहे, ते नाव तरी सरळ आहे.

ब्रेक आणि कंटिन्यू मुळात नाहीतच, लूपकंट्रोल्स एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. पण बहुतेक वेळा फॉरच्याच ओळीत इफ टाकलं की भागतं, शिवाय लूप डॉट इंडेक्स (चालू फेरीचा क्रमांक) गाळलेले आयटम मोजत नाही त्यामुळे अनुक्रमांक नीट लागतात. हा इंडेक्स 1 पासून सुरू होतो बरं का, शून्यापासून हवा तर इंडेक्स0. आणि लूपमध्ये लूप असेल तर आत 'लूप' म्हणजे आतलाच, बाहेरचा हवा असेल तर आत शिरायच्या आधी दुसऱ्या नावाने सेट करून ठेवा.

डिक्शनरी फिरवताना जिंजात आयटम्सपुढे कंस लागतो, जँगोत चालत नाही. दोन्हीकडे काम करणारे इथे हमखास आपटतात, पण निदान यात एरर तरी येते.