डिलिव्हरीच्या टेम्पोने गेट तोडलं, गाडी ठोकली : भरपाई कोणाकडे आणि कशी मागायची

डिलिव्हरीचा टेम्पो रिव्हर्स घेताना सोसायटीच्या गेटला धडकला, की पुढचा अर्धा तास बहुतेक ठिकाणी सारखाच जातो. चार माणसं जमतात, आवाज चढतात, कोणीतरी गाडीची चावी काढून घेतं आणि शेवटी ड्रायव्हर खिशातले हजार-दोन हजार काढून देतो. गेटचा खर्च निघतो पंचवीस हजार. ड्रायव्हरची दिवसाची कमाई जाते, सोसायटीचे बाकीचे पैसे जातात. ज्याच्या धंद्यासाठी ती गाडी धावत होती तो मालक आणि जिने तिचा प्रीमियम घेतला ती विमा कंपनी, यांच्यापर्यंत मात्र काही पोचतच नाही.

नुकसानीची जबाबदारी ड्रायव्हरवर असतेच. पण कायद्याने ती मालकावरही येते, आणि गाडीचा विमा चालू असेल तर पैसे भरायचं काम विमा कंपनीचं. पूर्ण रक्कम मिळण्याची खरी शक्यता या दोघांकडे आहे, म्हणून पुढची सगळी धडपड यांच्यापर्यंत पोचण्यासाठी करायची.

ड्रायव्हर जायच्या आधी

चावी, आधार कार्ड किंवा मोबाइल काढून घेऊ नका. तसा अधिकार आपल्याला नाही, आणि उद्या तक्रार आपल्यावरच उलटू शकते. "दादा, तुमच्याकडून पैसे नकोत, गाडीचे कागद दाखवा आणि मालकाचा नंबर द्या," एवढं शांतपणे म्हटलं की बहुतेक पोरं कागद काढून देतात. त्यांना भीती असते ती पगारातून कापलं जाण्याची. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विम्याची पॉलिसी आणि लायसन्स यांचे फोटो घ्या. तो कोणाचं पार्सल द्यायला आला होता, हे लेबलवर किंवा डिलिव्हरी चलनावर असतं. त्याचाही फोटो घ्या, कारण कुरिअर कंपनीचं नाव तिथेच सापडतं.

गाडी हलवण्याआधी नंबर प्लेट आणि तुटलेला भाग एकाच चौकटीत येईल असा फोटो हवा. मग जवळून घ्या. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर गेटचा रंग घासलेला असतो आणि गेटवर टेम्पोचा. मेजर टेप लावून जमिनीपासून गेटवरच्या पोच्यापर्यंतची उंची आणि जमिनीपासून फाळक्याच्या कडेपर्यंतची उंची, अशा दोन्ही मोजा आणि टेपसकट फोटो काढा. दोन्ही आकडे जुळले, की "आमची गाडी लागलीच नाही" हे म्हणणं टिकत नाही. गाडी रस्त्यावर उभी होती की आवारात, तेही फोटोत दिसू द्या. सक्तीचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) सार्वजनिक जागेतल्या अपघाताला लागू होतो आणि आवारातल्या अपघातात विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन, काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्डिंग करतो. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप पुरावा म्हणून कमजोर पडते. कोर्टात फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून कोणी, कधी, कोणत्या मशीनमधून कॉपी केली, हे कागदावर लिहून सही घेऊन ठेवा. वॉचमनच्या रजिस्टरमधल्या त्या दिवसाच्या नोंदीचाही फोटो असू द्या.

गाडी कोणाची, विमा कोणाचा

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीची मुदत कळते. मालकाचं नाव तिथे पूर्ण दिसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६० नुसार भरपाई मागणाऱ्याला गाडीची आणि ती चालवणाऱ्याची माहिती आरटीओ किंवा पोलीस ठाण्याने ठरलेली फी घेऊन द्यायची असते. अर्जात कलमाचा आकडा लिहा.

डिलिव्हरीतले बरेच टेम्पो जुने घेतलेले असतात आणि आरसीवर नाव आधीच्याच मालकाचं राहिलेलं असतं. "मी गाडी कधीच विकली" असं तो म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात सांगितलं आहे, की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्यामुळे पत्र आरसीवरच्या मालकाला जायलाच हवं. गाडी सध्या ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही पाठवा, आणि कुरिअर कंपनीलाही.

पोलीस ठाण्यात

"कोणाला लागलं नाही ना? मग आपसात मिटवा," असं ऐकायला मिळेल. तरीही लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. स्टेशन डायरीत नोंद झाली तरी तिचा क्रमांक पुढे कामाला येतो. गाडी सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे चालवली गेली असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागू शकतं. अर्जात ते नमूद करा आणि घटनास्थळाचा पंचनामा करायची विनंती करा. पोलीस जागेवर नसतील तर २४ तासांच्या आत ठाण्यात माहिती देणं ड्रायव्हरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. त्याला हे सांगा, तो बहुधा तुमच्याबरोबरच ठाण्यात येईल.

खर्चाचा हिशेब

दोन फॅब्रिकेटरकडून लेटरहेडवर कोटेशन घ्या. "गेट दुरुस्ती, एकूण २५,०००" अशी एकच ओळ नको. चौकट सरळ करणं, वेल्डिंग, खालची रेल, मोटर, रंग, मजुरी असं वेगवेगळं लिहून घ्या. गेट बंद पडल्यामुळे रात्री जादा वॉचमन ठेवावा लागला तर त्याची पावती जोडा. पंधरा वर्षं जुन्या, गंजलेल्या गेटच्या जागी नवं कोरं गेट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे घसारा (वापरामुळे उतरलेली किंमत) धरला जातो, आणि फुगवलेलं एक कोटेशन बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास घालवतं.

गेट सोसायटीचं असेल तर दावाही सोसायटीच्या नावाने करायचा. व्यवस्थापक समितीने ठराव करून सेक्रेटरीला अधिकार द्यावेत. कोणा एका सभासदाने स्वतःच्या नावाने केलेला दावा सहज अडकतो.

पत्र

फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं. मालक, विमा कंपनी आणि कुरिअर कंपनी या तिघांनाही एकच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. मजकूर साधा ठेवा :

"दि. … रोजी दुपारी … वाजता वाहन क्र. … या टेम्पोने रिव्हर्स घेताना आमच्या संस्थेच्या मुख्य गेटला धडक दिली. गेटची चौकट वाकली, खालची रेल उखडली व मोटर निकामी झाली. दुरुस्तीचा खर्च रु. … असून कोटेशन, फोटो व पोलीस अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. पाहणीसाठी सर्व्हेअर पाठवायचा असल्यास सात दिवसांत पाठवावा. त्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव दुरुस्ती सुरू करण्यात येईल. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करावी, अन्यथा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल करण्यात येईल."

सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणारा माणूस; त्याचं वाक्य गाळू नका. पाहणीची संधी न देता दुरुस्ती उरकली, की विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

न्यायाधिकरण

बऱ्याचदा मालक या पत्रानंतरच तडजोडीला येतो. विमा कंपनी मात्र नुसत्या पत्रावर चेक देईल असं धरून चालू नका, ती बहुधा न्यायाधिकरणाचा, म्हणजे मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या खास कोर्टाचा, आदेश मागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे. "देतो, देतो" म्हणत मालकाने चार महिने काढले तर वाट बघत बसू नका, वकील गाठा. मालमत्तेचं नुकसान २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर दिवाणी कोर्टाचा पर्यायही आहे.

विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीला १ लाखापर्यंत, तर मोटार किंवा मालवाहू गाडीला साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काही मालक प्रीमियम वाचवायला ही मर्यादा ६,००० वर आणतात. तसं असेल तर वरची रक्कम मालकाकडूनच घ्यायची.

वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत असे दावे आपसात मिटतातही.

ठोकलेली गाडी आपली असेल तर

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर स्वतःच्या विमा कंपनीकडे क्लेम करणं झटपट होतं. पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो (तो २० ते ५० टक्के असतो) आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे ५० टक्के आपल्या माथी येतात. ओरखडा किरकोळ असेल तर टेम्पोमालकाकडून सरळ गॅरेजचं बिल भरून घेणं परवडतं. मोठं नुकसान असेल तर स्वतःचा क्लेम करा आणि न मिळालेला फरक समोरच्याकडे मागा. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत.

दोन वेगळ्या वाटा

तुम्हीच मागवलेला फ्रिज वर चढवताना फरशी फुटली किंवा दरवाजाची चौकट मोडली, तर ती सेवेतली त्रुटी आहे. ऑनलाइन मागवला असेल तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन किंवा ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगात तक्रार. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

नंबर प्लेट नसलेली छोटी ई-स्कूटर हे वेगळंच दुखणं आहे. २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला आरसी नाही, सक्तीचा विमा नाही, म्हणून न्यायाधिकरणही नाही. तिथे ऑर्डरचा क्रमांक, रायडरचं नाव आणि वेळ लगेच टिपून ठेवा. मग नोटीस ॲप कंपनीला आणि गाडी भाड्याने देणाऱ्याला. "रायडर आमचा नोकर नाही, पार्टनर आहे," हे उत्तर येईलच. त्यावर वाद घालायची जागा दिवाणी कोर्ट, आणि तिथे साधारण तीन वर्षांची मुदत मिळते.

तडजोड झाली तर पैसे बँकेतून घ्या. दुरुस्ती पूर्ण होऊन बिल हातात येईपर्यंत "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" या वाक्याखाली सही करू नका. गेटची मोटर आतून जळाली आहे हे कित्येकदा रेल बसवल्यावरच कळतं.