मेश बिघडली तर: मांडवीतल्या खांबाभोवतीचा प्रवाह सोडवताना

पणजीला मांडवीवर तीन पूल अगदी शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या खांबांभोवती पाणी कसं वळतं, हा फर्मागुडीपासून कुंकळ्ळीपर्यंतच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सहज सुचणारा प्रोजेक्ट. कॉम्प्युटरवर खांब रेखाटायला फार वेळ लागत नाही. पण सॉल्व्हर (प्रवाहाची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) चालू केला की थोड्याच आवर्तनांत दाबाचे आकडे भलतीकडे धावतात आणि रन कोसळतो. मग बहुतेक जण टाइमस्टेप (दोन गणनांमधलं वेळेचं अंतर) कमी करत बसतात. त्याआधी मेश, म्हणजे पाण्याचा भाग छोट्या तुकड्यांत (सेलांत) वाटणारी जाळी, बघा.

आधी तपासणी

ओपनफोम हे प्रवाहाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली मेश तपासणारी चेकमेश ही कमांड चालवा आणि सरासरी सोडून सर्वांत वाईट आकडा वाचा. वीस लाख सेल उत्तम असले तरी दहा-बारा वाकडे सेल अख्खा रन बुडवू शकतात. शेजारच्या दोन सेलांचे मध्य जोडणारी रेषा आणि त्यांच्यामधल्या फेसचा (सामाईक पृष्ठाचा) लंब यांतला कोन म्हणजे नॉन-ऑर्थोगोनॅलिटी. ती 70 अंशांच्या वर गेलेले फेस चेकमेश वेगळे काढतो. स्क्यूनेसची (वाकडेपणाच्या मापाची) मर्यादा तिथे 4 आहे. फ्लुएंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्क्यूनेस 0 ते 1 मोजतात आणि 0.95च्या वरचे सेल ठेवत नाहीत. व्याख्याच वेगळ्या, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडू नका. भिंतीलगत, म्हणजे खांबाच्या पृष्ठालगत, आस्पेक्ट रेशो (सेलची लांबी आणि जाडी यांचं गुणोत्तर) मोठा दिसला तर घाबरू नका, तिथले सेल चपटेच हवेत.

वाईट सेल आहेत कुठे?

हे फेस सेट म्हणून लिहून घ्या आणि पॅराव्ह्यू या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ते सगळीकडे विखुरलेले क्वचितच असतात. एकाच कोपऱ्यात गर्दी करून बसलेले दिसतील. आपल्या उदाहरणात समजा गोल खांबाला सपाट फेंडर (बोटींच्या धक्क्यापासून वाचवणारा भाग) जेमतेम टेकला आहे. दोघांमध्ये पाचरीसारखी फट उरते आणि टोकाला तिची रुंदी शून्य होते. त्या टोकात कोणताही मेशर धड सेल बसवू शकणार नाही. अख्खी मेश बारीक केली तरी वाईट सेल तिथेच राहतात, फक्त संख्येने वाढतात.

म्हणून कॅडमध्ये परत जा. फटीचं टोक छोट्या पायरीने बुजवा, किंवा फेंडर खांबात थोडा घुसवून दोघांचा एकच सॉलिड करा. 2 मीटरच्या खांबावर चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर एकूण बल फारसं हलत नाही. बोल्ट, कठडे, शिड्या काढून टाका. एसटीएल फाइल (पृष्ठ त्रिकोणांनी मांडणारी) जाडीभरडी असेल तर गोल खांबाचा बहुकोन होतो, तेव्हा ती बारीक करून पुन्हा काढा आणि कडा कुठे उघड्या नाहीत ना, हे ओपनफोमच्या सर्फेसचेक या कमांडने पाहा.

भिंतीलगतचे थर

इथे थोडं गणित करावंच लागतं. प्रवाह सेकंदाला 1 मीटर आणि व्यास 2 मीटर धरला तर रेनॉल्ड्स संख्या (वेग, आकार आणि पाण्याचा चिकटपणा यांतून निघणारा आकडा) 20 लाखांच्या आसपास येते. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने धरण्याची पद्धत) वापरणार असाल तर वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या सेलच्या मध्याचं एककरहित अंतर) 30 ते 300मध्ये हवा. 50 धरा. सपाट पृष्ठभागाच्या नेहमीच्या सूत्राने सेलांचा पहिला थर साधारण 2.5 मिलिमीटर जाडीचा निघतो. प्रत्येक थर आधीच्या 1.2 पट केला तर दहावा थर 13 मिलिमीटरच्या जवळ जातो. त्याला लागून बाहेर 100 मिलिमीटरचा सेल असेल तर ती आठपट उडी झाली. बाहेरचा सेल रिफाइनमेंट (सेलांचे आणखी तुकडे करणं) वाढवून 20 मिलिमीटरपर्यंत आणा. ओपनफोमचा स्नॅपीहेक्समेश हा मेशर वापरताना खांबाजवळचे मूळ सेल घनाकृती ठेवा.

थर बसत नाहीत म्हणून मेश-क्वालिटीच्या मर्यादा सैल करण्याची सवय मला अजिबात पटत नाही. त्याने तक्रार बंद होते, सेल वाकडेच राहतात.

मांडवीत भरती-ओहोटीने प्रवाहाची दिशा उलटते. दोन्ही दिशा एकाच मेशवर चालवायच्या असतील तर बारीक सेलांचा पट्टा खांबाच्या दोन्ही बाजूंना ओढा.

तरीही काही फेस उरले तर

70 अंशांच्या किंचित वरचे थोडे फेस चालवून घेता येतात. नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर (अशा फेसांसाठी दाब पुन्हा सोडवण्याच्या जादा फेऱ्या) एक-दोन ठेवा आणि लाप्लासियन स्कीमला (ही दुरुस्ती किती धरायची, ते ठरवणारी सेटिंग) लिमिटेड 0.5 द्या. सगळ्या स्कीम फर्स्ट ऑर्डर (ढोबळ अचूकतेच्या) केल्या तर रन शांतपणे चालतो, पण खांबामागचे भोवरे पुसट होतात.

दुरुस्तीनंतर चेकमेश पुन्हा चालवा. रन संपल्यावर खांबावरचा खरा वाय-प्लस काढून बघा, कारण आधीचा आकडा अंदाजच होता. मग आणखी बारीक मेशवर तीच केस चालवून ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेने खांबावर येणारं बल) किती बदलतो, ते ताडा.